घरातल्या ज्येष्ठांचा फ्लू: पावसाळ्याआधीच्या तयारीपासून पुन्हा उभं राहीपर्यंत

सत्तरीपुढच्या आई-वडिलांची किंवा सासू-सासऱ्यांची काळजी घ्यायची वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फ्लू म्हणजे कणकण, सणसणीत ताप, अंगदुखी, तीन-चार दिवस अंथरूण आणि मग बरं, हे आपण स्वतःच्या अंगावरून शिकलेलो असतो. म्हातारपणी यातल्या बऱ्याच गोष्टी बदलतात. ताप येईलच असं नसतं. खोकलाही उशिरा सुरू होतो. आणि ज्या औषधाचा खरा उपयोग व्हायचा, ते देण्याची वेळ पहिल्या दोन दिवसांतच निघून जाते. त्यामुळे निम्मं काम आजार येण्याआधीच करून ठेवावं लागतं.

आधी कॅलेंडर पाहा

महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, साधारण जुलै ते सप्टेंबर. दुसरी, बहुधा लहान, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि नातवंडं वर्गातली सर्दी घरी आणतात. आषाढी वारीत हजारो ज्येष्ठ माणसं दाटीवाटीने मुक्काम करतात. पुढे दहीहंडी, गौरी-गणपती, पाहुण्यांनी भरलेली घरं, आणि पावसामुळे बंद ठेवलेल्या खिडक्या. विषाणूला याहून सोयीचं काय हवं?

२००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हाची भीती अनेकांच्या मनात अजून आहे. तोच एच१एन१ आता दरवर्षी फिरणाऱ्या नेहमीच्या फ्लूपैकी एक झाला आहे. त्याच्या जोडीला एच३एन२ आणि बी प्रकारचे विषाणू असतात. रिपोर्टमध्ये ‘एच१एन१’ दिसलं की घरात रडारड होते आणि ‘एच३एन२’ दिसलं की लोक निश्चिंत होतात, हे बरोबर नाही. म्हाताऱ्या माणसांना एच३एन२ च अनेकदा जास्त जड जातो.

लस मे महिन्यात उरकून टाका

लस घेतल्यावर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. काही महिन्यांनी ते हळूहळू ओसरतं, आणि उतारवयात थोडं लवकरच. म्हणून शाळा आणि वारी सुरू होण्याआधी, मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लस झालेली बरी. राहून गेली असेल तर जुलैत घ्या, ऑगस्टमध्ये घ्या. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

ही लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत काय असावं ते ठरवते: दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये आणि उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत. आपल्या पावसाळ्याच्या आधी जी नवी लस बाजारात येते ती बहुधा दक्षिण गोलार्धाची. दवाखान्यात खोक्यावरचा हंगाम आणि मुदत वाचून घ्या. मागच्या हंगामाची शिल्लक लस टोचून घेऊ नका.

लसीकरण कार्यक्रमात लहान मुलांना जशा लशी घरबसल्या आठवण करून मिळतात, तसं ज्येष्ठांच्या फ्लूच्या लशीचं नाही. आपणच विचारावं लागतं. खासगी दवाखान्यात ती विकत मिळते. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून मधुमेह, रक्तदाब यांसारखी जोखीम असलेल्यांना ती मोफत दिली गेली आहे, तेव्हा जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात चौकशी करून मगच पैसे खर्च करा.

घरातले ज्येष्ठ हमखास सांगतात, “लस घेतली की तापच येतो, मागच्या वेळी आला होता.” त्यांना नीट समजावून सांगा. आपल्याकडे ज्येष्ठांना देतात त्या इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कसकस वाटते, इतकंच. पण त्यांना खोटी खात्रीही देऊ नका. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, आणि उतारवयात लशीचा जोर तरुणांपेक्षा कमी असतो. ती घ्यायची ती आजार न्यूमोनियापर्यंत, आयसीयूपर्यंत जाण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा. बारीक सुईने लस देता येते, नंतर जागा न चोळता दोन-तीन मिनिटं दाबून धरायची. अंड्याची ॲलर्जी हे आता लस टाळण्याचं कारण मानलं जात नाही, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. आधीच्या फ्लूच्या लशीनंतर गंभीर ॲलर्जी झाली असेल किंवा गियां-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार झाला असेल, तर निर्णय डॉक्टरांचाच. त्याच भेटीत न्यूमोकोकल लशीचंही विचारून घ्या. फ्लूच्या पाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाचा एक मोठा कर्ता न्यूमोकोकस हा जिवाणू असतो.

घरातल्या बाकीच्यांनीही लस घ्यावी. आजी-आजोबा घराबाहेर पडत नसले तरी आपण आणि मुलं पडतो.

आई-बाबा मुलांकडे अमेरिकेला जाणार असतील तर तिथला हंगाम वेगळा, ऑक्टोबरपासून पुढचा. तिथे पासष्टीवरच्यांसाठी जास्त मात्रेची लस मिळते आणि २०२२ पासून त्यांना अशा प्रकारच्या लशींना प्राधान्य द्यायला सांगितलं जातं. इथे मे महिन्यात लस झाली असली तरी तिथे हिवाळा काढणार असतील, तर तिथल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

माणूस बरा असतानाच एक कागद तयार करा

या लेखातलं एकच काम आज करणार असाल तर हे करा. आजारपणात डॉक्टर विचारतात, “यांचा एरवीचा ऑक्सिजन किती असतो? बीपी किती असतं? असं असंबद्ध बोलणं नेहमीचं आहे का?” आणि घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही.

कागदावर लिहा: निवांत असतानाचं तापमान, नाडी, रक्तदाब, ऑक्सिमीटरचा आकडा, वजन आणि मिनिटाला किती श्वास. श्वास मोजताना त्यांना सांगू नका, सांगितलं की लय बदलते. छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. त्याखाली सगळ्या गोळ्यांची नावं आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे, आणि मूत्रपिंडाचा शेवटचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन किती ते. हा आकडा फार कामाचा, कारण फ्लूच्या औषधाची मात्रा त्यावर ठरते. शेवटी फॅमिली डॉक्टरांचा नंबर, जवळच्या रुग्णालयाचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८.

तापमानाचं महत्त्व वेगळं सांगतो. उतारवयात शरीराचं एरवीचं तापमानच कमी असतं. ज्या आजींचं रोजचं ९७ फॅरनहाइट असतं, त्यांचं ९९ झालं तर आपण “ताप नाही” म्हणून मोकळे होतो. त्यांच्यासाठी तो ताप आहे. नेहमीपेक्षा दोन अंश वर किंवा १०० च्या पुढे, दोन्हींपैकी काहीही झालं तरी दखल घ्या.

आई-बाबा एकटे राहत असतील आणि तुम्ही बंगळूरला किंवा दुबईला असाल, तर या कागदाचा फोटो तुमच्याकडे आणि शेजाऱ्यांकडेही हवा. आजारपणात दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉल करा. नुसत्या आवाजावर “बरं आहे रे” इतकंच कळतं. चेहरा आणि श्वास बघितला की खरं काय ते दिसतं.

घरात दुसऱ्या कुणाला सर्दी-ताप आला तर

फ्लूची लक्षणं दिसण्याआधी एक दिवस माणूस इतरांना लागण देऊ लागतो आणि पुढचे पाच-सात दिवस देत राहतो. तेव्हा नातवाला ताप आला की त्याच दिवसापासून आजोबांच्या कुशीत झोपणं बंद. मुलाला वाईट वाटेल, आजोबांना त्याहून जास्त वाटेल, तरी बंद.

वेगळी खोली असेल तर प्रश्नच नाही. वन रूम किचनमध्ये काय करायचं? निदान तीन-चार फुटांचं अंतर, एकाचं डोकं एका टोकाला तर दुसऱ्याचं दुसऱ्या टोकाला, खिडकी थोडी तरी उघडी, आणि पंख्याचा झोत आजाऱ्याकडून ज्येष्ठांकडे जाणार नाही असा. आजाऱ्याने घरातही मास्क लावावा. हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. स्टील आणि प्लॅस्टिकवर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो, म्हणून नळ, कड्या, रिमोट, मोबाइल रोज पुसा. टॉवेल आणि पाण्याचा तांब्या वेगळा.

घरात नक्की फ्लू निघाला आणि ज्येष्ठ व्यक्ती फार नाजूक असेल, तर लागण होण्याआधीच काही दिवस औषध द्यायचं का, हे डॉक्टर ठरवू शकतात. तो प्रश्न त्यांना विचारायला संकोचू नका.

फ्लू आला हे ओळखायचं कसं

काल स्वतःहून आंघोळीला जाणारे बाबा आज खाटेवरून उठत नाहीत. आई दोन घास खाऊन ताट सरकवते. कुणी बाथरूममध्ये पडतं. कुणी अचानक भलतंच बोलू लागतं, वेळ-काळ विसरतं, दिवसभर गुंगीत राहतं. नियंत्रणात असलेली साखर एकदम चढते, किंवा हृदयाचा जुना त्रास उसळी घेऊन पायावर सूज येते. ज्येष्ठांमध्ये फ्लूची पहिली खूण अशी असू शकते, ताप-खोकल्याशिवाय. “वय झालं, आता असंच चालायचं” हे वाक्य पावसाळ्यात तरी मनात आणू नका. एका-दोन दिवसांत घडलेला बदल वयामुळे होत नसतो.

असा बदल दिसला की कागद काढा आणि सगळे आकडे पुन्हा घ्या.

पहिले ४८ तास

फ्लूवरचं विषाणूरोधक औषध म्हणजे ऑसेल्टामिविर. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. गंभीर आजारात उशिरा दिलेलंही फायद्याचं ठरू शकतं, पण वाट पाहण्यात काहीच शहाणपण नाही. प्रौढांची नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती कमी करावी लागते. म्हणून तो क्रिएटिनिनचा आकडा. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि तसंच घ्यावं. मळमळ होते, जेवणासोबत दिलं की कमी होते. कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून साखरेच्या पाण्यात मिसळून देता येते, आधी डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारून.

सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णांचे अ, ब, क असे गट केले आहेत. तरुण, धडधाकट माणसाला साधी सर्दी-ताप असेल तर तो अ गटात: चाचणी नको, औषध नको, घरी विश्रांती. पण वय ६५ च्या पुढे असेल तर तीच सौम्य लक्षणं असलेला माणूस ब गटात जातो आणि त्याला ऑसेल्टामिविर देण्याची शिफारस आहे. शेजारच्या तिशीतल्या मुलाला डॉक्टरांनी फक्त पॅरासिटॅमॉल दिलं म्हणून आपल्या आजोबांनाही तेवढंच पुरेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

डॉक्टरांना फोनवर नेमकं सांगा: वय, लक्षणं कुठल्या दिवशी किती वाजता सुरू झाली, घरात आणखी कोण आजारी आहे, कागदावरचे जुने आणि आजचे आकडे. आणि थेट विचारा, “फ्लूचं औषध आजच सुरू करायचं का?” घशाच्या-नाकाच्या स्रावाची चाचणी सांगितली तर करा, मात्र ज्येष्ठांमध्ये रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवून ठेवायचं नसतं.

घरी काय द्यायचं, काय नाही

ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटॅमॉल, ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहूनही कमी.

सर्दीच्या तयार गोळ्यांपासून मात्र लांब राहा. त्यांत बहुधा तीन गोष्टी एकत्र असतात: पॅरासिटॅमॉल, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. पहिलं तुम्ही आधीच देत असता, म्हणजे नकळत दुप्पट मात्रा. दुसऱ्याने रक्तदाब वाढू शकतो. तिसऱ्याने गुंगी येते, तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडकू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही मनाने नकोत. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करतात.

अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. ‘तीन गोळ्यांचा कोर्स’ केमिस्टकडून आणून देणं थांबवा. तीच गोष्ट सलाइनची. “एक बाटली लावली की तरतरी येते” असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हृदय कमजोर असलेल्या माणसाला गरज नसताना चढवलेलं सलाइन फुप्फुसात पाणी साठवू शकतं. तोंडाने पाणी जात असेल तर तोंडानेच द्या.

काढा, आल्याचा चहा, हळदीचं दूध यांनी घशाला बरं वाटतं, खुशाल द्या. फक्त ज्येष्ठमध घातलेला काढा दिवसातून चार-चार वेळा नको. त्याचा अतिरेक झाला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. वाफ देताना उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा खाटेवर ठेवू नका. थरथरणाऱ्या हाताने ते कलंडतं आणि भाजतं.

जेवणाचा आग्रह करू नका, पण पाण्याचा करा. दर तासाला अर्धी वाटी काहीतरी: पेज, नाचणीची आंबील, ताक, डाळीचं पाणी, सूप. मऊ खिचडीवर तूप. लघवी गडद पिवळी किंवा फार कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती द्यायचं ते विचारून ठेवा.

नेहमीच्या गोळ्यांचं काय, हा प्रश्न बहुतेक घरांत राहून जातो. जेवण-पाणी बंद झालेलं असताना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही बीपीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटाच्या साखरेच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. इन्सुलिन मात्र जेवण कमी आहे म्हणून स्वतःहून बंद करायचं नाही. साखर दिवसातून तीन-चार वेळा तपासा आणि फोन करून मात्रा ठरवून घ्या. हृदयाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या न विचारता कधीच थांबवू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे सहापट आढळला. छातीत दुखलं, दरदरून घाम आला, तर तो अंगदुखीचा भाग समजू नका.

दिवसभर आडवं पडू देऊ नका. पाठीला उशा लावून बसवा, दर दोन तासांनी कूस बदलायला लावा, शक्य असेल तर हात धरून बाथरूमपर्यंत चालवा. रात्री दिवा लावून ठेवा. ओली फरशी पुसून कोरडी करा. गोंधळलेल्या माणसाला चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्या, जवळचं एकच माणूस समोर राहू द्या, आणि वार-वेळ शांतपणे सांगत राहा. ओरडून काही होत नाही.

शुश्रूषा शक्यतो एकानेच करावी, मास्क लावून. आणि रात्री त्याला कुणीतरी सुट्टी द्यावी. थकलेल्या माणसाकडून गोळ्यांच्या वेळा चुकतात.

कधी निघायचं

यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या:

– ऑक्सिजन ९२ किंवा त्याखाली. ९४ च्या खाली आला तरी लगेच डॉक्टरांना फोन. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर कागदावरच्या त्यांच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना करा. मोजण्याआधी बोट कोमट करा, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या.
– मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास. २४ च्या पुढे गेले तरी त्याच दिवशी दाखवा.
– छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखं निळसर.
– वरचा रक्तदाब ९० च्या खाली.
– नव्याने आलेला गोंधळ, उठवूनही नीट जाग न येणं.
– आठ-दहा तास लघवी नाही, किंवा पाणीसुद्धा पोटात टिकत नाही.

आणखी एक खूण फसवी असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस सुधारतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि मग पुन्हा ताप चढतो, खोकला वाढतो, पिवळा-हिरवा कफ येतो. हा बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो आणि इथे अँटिबायोटिक खरंच लागतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

निघताना कागद, गोळ्यांची पिशवी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि आयुष्मान किंवा विम्याचं कार्ड सोबत घ्या. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना इतर मदत किंवा मार्गदर्शन हवं असेल तर १४५६७ ही देशभरची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. तातडीच्या वेळी मात्र १०८ च.

ताप गेल्यानंतर

ताप उतरला की घरचे कामाला लागतात. पण ज्येष्ठांच्या अंगातली ताकद परत यायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पायाचे स्नायू फार लवकर आटतात, आणि बरेच जण फ्लूतून उठल्यावर पडून हाड मोडून घेतात. पहिल्या दिवशी खुर्चीत बसणं, मग खोलीतल्या खोलीत फेऱ्या, मग हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, जवळ कुणीतरी उभं असताना. वरण, दही, पनीर, अंडं, मासे, जे घरात चालतं त्यातून प्रथिनं वाढवा. आठवड्याने वजन पुन्हा करा आणि कागदाशी ताडून पाहा.

थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या हे विचारायला विसरू नका. आजारात बंद झालेली बीपीची गोळी महिनाभर बंदच राहते, असं होतं. कोरडा खोकला काही आठवडे रेंगाळू शकतो. तीन आठवड्यांनंतरही तो कमी होत नसेल, वजन घटत असेल किंवा संध्याकाळी ताप येत असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या.

लस राहिली होती आणि फ्लू होऊन गेला, तर आता घ्यायची का? घ्यायची. एका हंगामात एकापेक्षा जास्त प्रकारचे विषाणू फिरत असतात आणि एकाचा आजार दुसऱ्यापासून वाचवत नाही. ताप जाऊन माणूस हिंडू-फिरू लागला की डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा, आणि कागदावर लशीचा दिवस, कंपनी आणि हंगाम लिहून ठेवा.